लेखक फोनला काय काय विचारतो!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळ्या विषयांवर भांडूनसुद्धा आपण आज एकाच मांडवात बसलोय, हीच मोठी गोष्ट आहे.

सचिवसाहेब मला म्हणाले, "तुम्ही कथा लिहिता, तर त्याबद्दल दहा-पंधरा मिनिटं बोला. पण जड नको, सगळ्यांना कळंल असं बोला." मी विचार केला, कथा कशी सुचते हे सांगून तुम्हाला झोप आणण्यापेक्षा, कथा लिहिण्याआधी मी फोनवर काय काय शोधतो हे सांगावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण चमत्कारिक मात्र पुष्कळ आहे.

गेल्या वर्षभरात मी फोनला विचारलेले काही प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखवतो.

‘मेलेल्या माणसाचं नाव सातबारावर किती वर्षं राहू शकतं?’

‘मण्यार चावली तर झोपलेल्या माणसाला जाग येते का?’

‘खोटा अंगठा ओळखता येतो का?’

‘कोरड्या विहिरीत उतरलेला माणूस का गुदमरतो?’

‘बैल रडतो का?’

‘९ सप्टेंबर १९४२ च्या रात्री चंद्र होता का?’

आता ही यादी एखाद्या हवालदाराच्या हातात पडली, तर तो पहिली चौकशी माझ्या भावकीची करील. मेलेला माणूस, सातबारा, खोटा अंगठा, साप आणि विहीर! एका माणसाला अडकवायला एवढं बास आहे. फक्त तो बैल मधे कशाला आला, हे त्याला कळणार नाही.

खरी गोष्ट साधी आहे. मी दोन भावांची कथा लिहीत होतो. थोरला मुंबईला गिरणीत होता, तो वारला आणि गावाकडं त्याची वारस नोंदच झाली नाही. अशी नावं आपल्याकडं सातबारावर वर्षानुवर्षं तशीच असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण कथेत तलाठी कोणती वही काढील, हे मला नक्की हवं होतं. वारसांची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६क आणि फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, हे मी तपासून घेतलं. त्याचा परिणाम असा झाला, की दोन दिवसांत माझ्या फोनवर वकिलांच्या, जमीनमोजणीच्या आणि कर्जाच्या जाहिराती सुरू झाल्या. मी थोरल्या भावाची जमीन लाटायला निघालोय, अशी फोनची खात्री पटली होती. माझ्या कथेतला धाकटा भाऊ शेवटी जमीन लाटत नाही, हे त्याला कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला? कथाच तर आहे, द्यायची ठोकून. पण तसं चालत नाही. आपल्याकडचा वाचक फार पक्का असतो. मी लिहिलं की १९४२ साली गड्यानं पंचवीस पैशांची विडी-काडी घेतली, तर कुणीतरी आजोबा लगेच म्हणतील, "कसलं पंचवीस पैसं? नवं पैसं आलं एक एप्रिल सत्तावन्नला. तोवर आणा होता." आणि ते बरोबर असतील. त्या काळी रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट आणि पै एकशे ब्याण्णव. एक पैसा चुकला की वाचकाला वाटतं, ह्याला पैसा माहीत नाही, तर ह्याला माणूस काय माहीत असणार? एकदा तो विश्वास गेला की कथेतलं दुःखही खोटं वाटायला लागतं.

सापाचं तसंच. सिनेमात साप चावला की माणूस ओरडतो, तोंडाला फेस येतो आणि गाणं संपायच्या आत तो मरतो. मण्यारीचं तसं नसतं. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक असल्यानं दुखणं इतकं कमी, की पुष्कळदा जागही येत नाही. नंतर पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास लागायला लागतो आणि घरच्यांना कारणच कळत नाही. माझ्या कथेतली बाई म्हणूनच नवऱ्याला आधी रागावते, "अजून झोप उतरली न्हाई व्हय?" हे एक वाक्य लिहायला मला अर्धा दिवस वाचावं लागलं. आणि जाता जाता सांगतो, साप कोणताही असो, मंत्र-बिंत्र करत बसू नका. त्याला प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय आहे, थेट दवाखाना गाठायचा.

लेखकांचे हे उद्योग नवीन नाहीत, फक्त फोन नवीन आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होत्या. बाटलीतलं औषध कधी विष होतं, ते त्या तिथं शिकल्या. १९२० साली त्यांची पहिली रहस्यकथा आली, तेव्हा औषधशास्त्राच्या नियतकालिकानंसुद्धा त्यातल्या विषाच्या माहितीचं कौतुक केलं होतं. आणि आपल्या जिल्ह्यातलंच बघायचं तर इतिहासाचार्य राजवाडे. जुनी कागदपत्रं शोधत ते गावोगाव फिरले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा, आणि त्यातले कागद सापडले वाईला. त्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. आज तो विश्वकोश, मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश, दाते-कर्व्यांचा शब्दकोश, १८८५ सालचं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर, सगळं वडुजात बसून फोनवर उघडता येतं. राजवाड्यांना हे मिळालं असतं, तर त्यांची किती पायपीट वाचली असती! त्यामुळं फोनला नावं ठेवायला मी इथं उभा नाही.

आता त्या चंद्राकडं येतो.

९ सप्टेंबर १९४२. ही तारीख वडूजमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नाही. ‘चले जाव’च्या लढ्यात मामलेदार कचेरीवर मोर्चा आला, पोलिसांनी गोळीबार केला आणि वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. आपली पोरं ज्या रस्त्यानं शाळेला जातात, त्याच गावात हे घडलं. माझ्या मनात एक कथा होती. मोर्चात आलेला एक तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. पळापळीत बरोबरची माणसं चुकली. रात्री तो एकटा येरळेच्या काठाकाठानं घराकडं निघालाय. मला एवढंच हवं होतं, की त्याला वाट दिसत होती का?

म्हणून मी चंद्राचा शोध घेतला. वार बुधवार. तिथी श्रावण वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या. म्हणजे चंद्र नावालाही नव्हता. गणपती चार-पाच दिवसांवर आलेले. आणखी एक गोष्ट कळली. दुसऱ्या महायुद्धामुळं सरकारनं घड्याळं एक तास पुढं केली होती, आणि नेमकं १ सप्टेंबर १९४२ पासून ते पुन्हा लागू झालं होतं. म्हणजे सरकारी घड्याळात सहा वाजले, तेव्हा आपल्या नेहमीच्या वेळेनं पाचच वाजलेले असणार. कचेरीतलं घड्याळ एक सांगतंय आणि रानातला सूर्य दुसरंच. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

शिवाय नकाशा बघितला. इकडं इंग्रजांचा मुलूख आणि जवळच औंध संस्थान. औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ सालीच प्रजेला राज्यकारभाराची घटना दिलेली. संस्थानची हद्द वेगळी, पोलीस वेगळे. बेचाळीसच्या कितीतरी भूमिगतांना औंध संस्थानात आसरा मिळाला. म्हणजे त्या पोरानं अंधारात कुठली वाट धरली, याला अर्थ होता. ही सगळी माहिती मला घरात बसून, एका संध्याकाळी मिळाली.

पण पुढचा प्रश्न टाकला आणि फोन गप्प झाला. प्रश्न असा होता, ‘त्या रात्री वडुजात चुली पेटल्या का?’

कुणाच्या घरी भाकरी झाल्या? बायकांनी दारं लावून घेतली होती की ओट्यावर बसून होत्या? दुसऱ्या दिवशी गुरं सोडली का? शाळा भरली का? पोरांना घरात काय सांगितलं? हे कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही, विश्वकोशात नाही. फोनवर हुतात्म्यांची माहिती आहे, पण त्या रात्रीच्या चुलीची नाही. ती माहिती होती माणसांकडं. बेचाळीस साली जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदी पार केलेला असणार. आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा ही माणसं सत्तरीच्या अलीकडं-पलीकडं होती. संध्याकाळी बाहेर बाकावर बसायची, नातवंडांना फिरवायची. तेव्हा हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नाही. आज प्रश्न आहे, आणि बाक रिकामा आहे.

पी. साईनाथ यांनी अशा माणसांना गाठलं. कुंडलच्या प्रतिसरकारातले कॅप्टन भाऊ लाड आणि देशभरातले इतर साधे स्वातंत्र्यसैनिक यांच्याशी बोलून त्यांनी लिहिलेलं पुस्तक २०२२ साली आलं. त्याच वर्षी कॅप्टन भाऊ गेले. वेळेवर विचारलं म्हणून ते उरलं.

आता फोनची दुसरी गंमत. त्याला माहीत नसतं तेव्हा तो गप्प बसेलच असं नाही. कधी कधी ठासून भलतंच सांगतो. आयर्लंडचे जॉन बॉइन हे मोठे कादंबरीकार आहेत. २०२० साली त्यांची कादंबरी आली, त्यात जुन्या काळातला एक माणूस कापडाला लाल रंग देतो. रंगासाठी काय काय लागतं याची यादी दिली होती. वाचकांनी ती बघितली आणि हसायला लागले, कारण त्यातल्या काही वस्तू ‘झेल्डा’ नावाच्या व्हिडिओ गेममधल्या होत्या. गेममधल्या राक्षसाचा डोळा आणि सरड्याची शेपटी गंभीर कादंबरीत येऊन बसली! इंटरनेटवर समोर आलेली यादी तशीच उतरून आली होती. बॉइन यांनीही ते हसून मान्य केलं. समोर बसलेल्या पोरांनी ती यादी एका नजरेत पकडली असती, नाही का रे?

तसा अनुभव मला बाहत्तरच्या दुष्काळावर लिहिताना आला. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. मी फोनवर ‘मिलो’ टाकलं, तर समोर चॉकलेटच्या पेयाचा हिरवागार डबा! गरम दुधात दोन चमचे टाका म्हणे. बाहत्तर साली खटाव-माणच्या माणसाला कुणी दूध आणि चॉकलेट दिलं असतं, तर दुष्काळाच्या आठवणी जरा वेगळ्या झाल्या असत्या.

पुढं नीट शोधल्यावर आकडे मिळाले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पुढं त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. पण ५० लाख हा आकडा कथेत कुठं ठेवायचा? कथेला एक माणूस लागतो.

तो माणूस आपल्याच बिल्डिंगमध्ये होता. वरच्या मजल्यावरच्या आजींकडं गेलो आणि विचारलं, "आजी, मिलोची भाकरी कशी लागायची?" आजी हसल्या. म्हणाल्या, "लागायची कसली? आधी थापायला तर पायजे. पिठाला चिकाट न्हाई. हातावर घेतली की चिरायची. मग गरम पाण्यात उकड काढायची आन् जाडजाड थापायची. रंग असा इटकरीगत. पोरगं म्हणायचं, आयं, भाकरी करपली. म्या म्हणायची, करपली न्हाय बाबा, ती हायच तशी."

मग आजी तासभर बोलत राहिल्या. तलावाच्या कामावर पाटी वाहताना चुंबळ कशाची करायच्या, खडी फोडताना डोळ्यात कपरी गेली तर काय करायच्या, सुकडी आधी लेकराला द्यायची की घरी म्हाताऱ्यांना न्यायची. मुकादम हजेरी घेताना मोठमोठ्या घरच्या बायका पदर पुढं ओढून नाव सांगायच्या, कारण कालपर्यंत ज्यांच्या शेतात इतर राबत होते, त्याही आता रांगेत होत्या. मी लिहून घेत होतो आणि त्यांची नात दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "आज्जी, तू मला हे कधीच नाही सांगितलंस." आजी म्हणाल्या, "तू इचारलंस कवा?"

माझ्या बैलाचा निकालही त्यांनीच लावला. फोन म्हणाला, बैलाच्या डोळ्यातून पाणी येण्याची कारणं धूळ, माशा, डोळ्याचा आजार. आजी म्हणाल्या, "छावणीत सोडून निघालो तवा मान वळवून बघत हुता. रडला का न्हाई ते ठावं न्हाई. आमचं मालक मात्र रडलं." कथेला लागणारं उत्तर हे होतं.

आता थोडं गंभीर बोलतो.

फोनला प्रश्न कळतो, विचारणारा कळत नाही. अमेरिकेत नॅन्सी ब्रॉफी नावाच्या लेखिका होत्या. त्यांनी २०११ साली नवऱ्याचा खून कसा करावा या मथळ्याचा एक निबंध लिहिला होता. २०१८ साली त्यांच्या नवऱ्याचा खरोखरच खून झाला. खटल्यात त्यांनी सांगितलं, की बंदुकीचे सुटे भाग मी कादंबरीच्या अभ्यासासाठी मागवले होते. २०२२ साली ज्यूरीनं त्यांना दोषी ठरवलं. पण तो निबंध न्यायाधीशांनी ज्यूरीपुढं येऊ दिला नव्हता. माणसानं काय लिहिलं यावरून नाही, तर काय केलं यावरून निकाल लागला. लेखकाच्या प्रश्नांवरून त्याला खुनी ठरवता येत नाही, आणि लेखक आहे म्हणून तो निर्दोषही ठरत नाही.

हे लांबचं झालं. जवळचं सांगतो. मी एका शेतकऱ्याची कथा लिहायला घेतली होती. त्यानं आयुष्य संपवायचं ठरवलंय, अशी. त्यासाठी फोनवर शोधायला लागलो, तर उत्तराच्या आधी मदतीचा क्रमांक आला. तुम्ही एकटे नाही, बोला, असं त्यात होतं. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र आणि मोफत. लिहून ठेवा. भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तेवढ्यात माझा पुतण्या काहीतरी बघायला फोन घ्यायला आला. त्यानं पडद्यावरची अक्षरं बघितली. काही बोलला नाही, फोन बाजूला ठेवला आणि माझ्या शेजारी बसला. मग हळूच म्हणाला, "काका, बरं हाय न्हवं?"

मी त्याला सांगितलं, कथा आहे रे बाबा. त्यानं पहिलं पानच वाचायला मागितलं, वाचलं आणि मग तो उठला. मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. कारण प्रत्येक वेळी ती कथा असेलच असं नाही. आपल्या सोसायटीत परीक्षेचा निकाल लागलेली पोरं आहेत, नोकरी गेलेले तरुण आहेत, मुलं लांब असलेली म्हातारी माणसं आहेत. रात्री दीड वाजता एखाद्या खिडकीत फोनचा उजेड दिसतो. तो माणूस काय शोधतोय, ते आपल्याला कळणार नाही आणि चोरून बघूही नये. पण सकाळी जिन्यात भेटल्यावर "बरं आहे ना?" एवढं विचारून दोन मिनिटं थांबता येतं. फोननं क्रमांक दिला, त्याचं काम त्यानं केलं. शेजारी येऊन बसणं फोनला जमत नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं कार्यकारिणीपुढं एक छोटी मागणी ठेवतो. खर्च फक्त एका जाड वहीचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी साठीच्या पुढच्या प्रत्येकाकडं जायचं आणि तीन चमत्कारिक प्रश्न विचारायचे. ‘तुमचा जन्म कधी झाला?’ असले नकोत, ते आधारकार्डावर आहे. विचारायचं, ‘मोटेचं पाणी थारोळ्यात पडताना आवाज कसा यायचा?’ ‘घरात पहिला दिवा लागला त्या रात्री कोण झोपलं नाही?’ ‘दुष्काळात कुठली वस्तू विकली आणि ती अजून आठवते?’ जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहायचं. शुद्ध करायला जायचं नाही.

बेचाळीसची चूल आता आपल्याला सापडणार नाही. बाहत्तर साली जो दहा वर्षांचा होता, तो मात्र आज साठी ओलांडून याच मांडवात, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला विचारायला रिचार्ज लागत नाही.

 जेवण तयार आहे असं कळतं. आणि हो, माझ्या फोनवर काही भयंकर दिसलं, तर पोलिसांत जायच्या आधी एकदा मला विचारा.